करिझ्मा: पुढचं चाक, फोर्क आणि कार्बोरेटर (प्रकल्प नोंदी)

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

गाडी धुतली, चेनला तेल दिलं, झेंडूचा हार घातला. आई हळदकुंकू लावायला वाकली आणि तशीच थांबून म्हणाली, "हे तेलकट काय आहे रे?" डाव्या फोर्कच्या (पुढच्या शॉकअ‍ॅबच्या) पाइपवर तेलाची बारीक कडी आली होती आणि झेंडूच्या दोन पाकळ्या तिला चिकटून बसल्या होत्या. पुसलं. पुढचा ब्रेक धरून गाडी चारदा दाबली. कडी परत हजर. ऑइल सील गेलं.

गाडीची माहिती एकदाच लिहून ठेवतो. हीरो होंडा करिझ्मा आर, २००७ ची, एमएच-११. एक सिलिंडर, २२३ सीसी, कार्बोरेटरवाली. ही गाडी २००३ मध्ये बाजारात आली तेव्हा मी शाळेत होतो. लांब पल्ल्याला ऐसपैस आणि तरी पळणारी गाडी म्हटलं की मोठी पोरं हिचंच नाव घ्यायची. आमची मामांची. कऱ्हाडला नोकरी असताना ते हिच्यावर रोज जाऊन येऊन करायचे. आता माझ्याकडे आहे, काटा ७१ हजारांवर.

सील हे निमित्त. गेली दोन वर्षं तीन गोष्टी सलतायत. पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं तोंड बदकासारखं खाली बुडतं. चाकात ट्यूब आहे, त्यामुळं पंक्चर झालं की अर्धा दिवस गेला. आणि सहा हजार आरपीएमच्या वर इंजिन नुसतं ओरडतं, पळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

साताऱ्यात गोडोलीतल्या मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, "सील टाका, तेल बदला, कार्बोरेटर उघडून साफ करा आणि गप गाडी चालवा." सल्ला हजार रुपयांचा होता. मी ऐकला नाही.

बेत असा. पल्सर २२० चा अख्खा पुढचा भाग घ्यायचा: फोर्क, वरची-खालची टी (दोन्ही पाइप फ्रेमला धरणारे तुकडे), चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. त्या फोर्कचा पाइप ३७ मि.मी. जाड, आमच्यापेक्षा चांगलाच धष्टपुष्ट. जाड पाइप ब्रेकखाली कमी वाकतो, आणि तो वाकला नाही की त्यावर सरकणारी खालची नळीही अडकत नाही. कार्बोरेटर २८ मि.मी.चा गोल स्लाइडवाला. मागचं चाकही बदलायचं म्हणत होतो.

इंजिन, चासी, रंग, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही वाचून काढले. कंपनीच्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल कायद्याला चालत नाही. म्हणून काढलेला एकेक नट मूळ खोक्यात, चिठ्ठी लावून. गाडीची पंधरा वर्षं २०२२ मध्ये भरली, पाच वर्षांची मुदतवाढ घेतली, ती २०२७ ला संपेल. तपासणीआधी मूळचं सगळं दोन रविवारांत परत बसलं पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम. म्हणजे फ्रेमवर कटर नाही, ग्राइंडर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस वही आणि कॅल्क्युलेटरचा. बँकेत नोकरी असल्याचा एवढाच फायदा.

मूळ पुढचं टायर २.७५-१८. म्हणजे १८ इंची रिम, वर दोन्ही बाजूंना सुमारे ७० मि.मी. रबर. उंची ५९७ मि.मी. पल्सरचं ९०/९०-१७. रिम एक इंच लहान, पण रबर ८१ मि.मी. उंच. एकूण ५९४. मला वाटत होतं १८ चं १७ केलं की गाडी पुढून चांगली बसेल. प्रत्यक्षात एक्सल खाली येतो जेमतेम दीड मि.मी. टायरची हवा दोन पौंड कमी असली तरी याहून जास्त फरक पडत असेल.

मागे मात्र १००/९०-१८ म्हणजे ६३७ मि.मी., आणि पल्सरचं १२०/८०-१७ म्हणजे ६२४. एक्सल साडेसहा मि.मी. खाली. गाडी मागून बसली की पुढचा फोर्क आणखी तिरका होतो, आणि तिरका फोर्क म्हणजे वळायला आळशी गाडी. आम्हाला घाटात वळायला चपळ हवी. शिवाय चेनची रेघ जुळवा, स्विंग आर्मला डिस्कसाठी कान लावा, ड्रमच्या टॉर्क आर्मचं काय करायचं ते बघा. मागच्या चाकाचं स्वप्न इथंच गुंडाळलं. तिथं नवीन बेअरिंग, नवीन ब्रेक शू, हबमधली कुशन रबरं आणि ताजं टायर. बास.

(रबरं काढली तर चारांतल्या दोघांचा चुरा झालेला. गिअर टाकताना येणारा तो 'ठक्' आवाज मी चार वर्षं चेनच्या माथी मारत होतो.)

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पुण्यातल्या एका जुन्या पार्टवाल्याकडून सेट आला. अकरा हजार. "दादा, एकदम सरळ आहे, बघायची गरजच नाही." बघायची गरज असते.

पाइप सरळ आहे की नाही बघायला सपाट काच लागते. घरच्या टीपॉयची काच मधून खोल गेलेली. मग शाखा बंद झाल्यावर काउंटरच्या जाड काचेवर दोन्ही पाइप लोळवले. शिपाईमामा टॉर्च घेऊन पलीकडून बघत होते. उजवा पाइप शांतपणे लोळला. डावा प्रत्येक फेऱ्यात एकदा अंग चोरायचा, आणि त्याच जागी खालून उजेडाची चीर दिसायची. चिरेत स्लिप बुकाचा कागद सरकवला, तीन कागद गेले. "साहेब, ह्याला अपघात झालाय," शिपाईमामा म्हणाले. मी साहेब नाही, पण निदान बरोबर होतं.

नवा पाइप मागवला. पार्टवाल्यानं फोन उचलणं बंद केलंय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा आले. ओवाळून झाल्यावर सरळ पार्किंगमध्ये. पुढचं चाक नसलेली गाडी क्रेटवर उभी बघून थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग, "आरं, चालती गाडी व्हती की रं ही."

"चालतीच राहणार आहे मामा. ब्रेक सुधारतोय."

"मी सतरा हजार येळा उतरलो असंल त्यो घाट. मला न्हाई कधी ब्रेक कमी पडला."

यावर उत्तर नव्हतं. मामा ताशी पन्नासच्या वर जात नाहीत.

८ नोव्हेंबर, दुसरा शनिवार

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. साताऱ्यात एमआयडीसीत लेथ आहेत, पण एकट्या माणसाचं एकच नग काम हातात घ्यायला तिथं कुणाला वेळ नसतो. उद्यमनगरात अजून घेतात.

अडचण ही: पल्सरच्या खालच्या टीचा दांडा आमच्या फ्रेमच्या नळीत बसत नाही. लांबी वेगळी, कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) मापं वेगळी. उपाय म्हणजे दोन्ही टींचे दांडे प्रेसवर काढायचे आणि करिझ्माचा दांडा पल्सरच्या टीत बसवायचा. भोक आणि दांडा जुळत नाहीत, म्हणून मधे बुश (पोकळ कडं).

मी बोलून गेलो, "आणि खालून वेल्डिंगचा एक राउंड मारून टाकू."

लेथवाल्या काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "वेल्डिंग? कुणी सांगितलं तुमास्नी? हितं माणसाचा जीव टांगायचा हाय." मग कोपऱ्यातल्या भंगारातून तुटलेला एक दांडा आणून दाखवला. वेल्डिंगचा मणी अखंड होता, तडा त्याच्या शेजारून गोल फिरला होता. वेल्डिंगनं कडेचं पोलाद तापून ठिसूळ होतं आणि रोजच्या हादऱ्यांत तिथूनच उघडतं, हे पुस्तकात वाचलेलं. हातात घेतल्यावर जास्त पटलं.

त्यांची पद्धत: बुशचं माप भोकापेक्षा दोन थाऊ जास्त, म्हणजे मिलिमीटरचे पाच शतांश. दांडा आणि बुश रात्रभर त्यांच्या घरच्या फ्रीजरमध्ये (काकू काय म्हणाल्या ते विचारलं नाही) आणि टी भट्टीत. तीस मि.मी.च्या आसपासचं पोलादी भोक दीडशे अंशांनी तापवलं की साधारण तेवढंच, पाच शतांश, फुगतं. तापलेल्या टीत गार दांडा दोन बोटांनी उतरला, खाली टेकला आणि तीन-चार सेकंदांत 'टिक्' असा आवाज करून गच्च झाला. काकांनी नंतर मला पाच फुटांची नळी लावून पिळायला लावलं. टी बाकावरून उठली, दांडा हलला नाही. वर सुरक्षेसाठी एक आडवी पिन.

मजुरी अठराशे. माझ्यासाठी रात्री मुक्काम आणि सकाळी मिसळ, ते वेगळं.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोर्क भरले. नवीन सील, नवीन बुश, नवीन तेल. आधी जुनं तेल ओतलं. डाव्यातून निघालं ते तेल म्हणायला धजवत नाही, राखाडी खीर होती. उजव्यातलं डाव्यापेक्षा अर्ध्या वाटीनं जास्त. आधीच्या कुणीतरी अंदाजानं भरलेलं.

तेल किती मि.लि. हे बाटलीवरून मोजून चालत नाही, कारण आत जुनं थोडं राहतंच. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि पाइपच्या तोंडापासून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर मोजायचं. तेलाच्या वर जी हवा कोंडते तीही स्प्रिंगच असते. दोन्ही पायांत ही पातळी वेगळी असली तर दोन पाय दोन स्वभावाचे होतात. पंधरा-वीसदा हळूहळू पंप करून हवा काढली. बुडबुडे थांबल्यावर इंजेक्शनची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी लावून दोन्ही बाजू मि.मी.ला मि.मी. जुळवल्या. मेडिकलवाल्यानं विचारलं, पेशंट कोण? गाडी म्हणालो.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी दोन चाकांवर उभी राहिली. पाइप टीच्या वर १२ मि.मी. काढले, तेव्हा एक्सलपासून फ्रेमपर्यंतचं माप जुन्याइतकं झालं. हे माप मी फोर्क उतरवण्याआधी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं. आईनं मधे भिंत पुसली, पण रेघ थोडी राहिली होती.

ब्रेकची डिस्क २६० मि.मी., मूळची २७६. म्हणजे कागदावर लहानच. ब्रेक बरा होईल तो डिस्कनं नाही, फोर्क न वाकल्यानं आणि ताज्या तेलानं, हे स्वतःला सांगून ठेवतो, नाहीतर उद्या फुशारकी मारीन. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकाच सेटमधले ठेवले. पिस्टनांचं प्रमाण बिघडलं की लिव्हर एकतर दगड होतो नाहीतर स्पंज.

स्पीडोमीटरची केबल मात्र लोंबकळत राहिली. करिझ्माला पुढच्या चाकात गरारी असते, पल्सरचा मीटर डिजिटल, त्याच्या हबमध्ये गरारीला जागाच नाही. काकांनी मूळची गरारी बसेल असा अडॅप्टर करून दिला, तो तिसऱ्या प्रयत्नात बसला. परीघ अर्ध्या टक्क्यानं कमी, तेव्हा काट्यात दुरुस्तीची गरज नाही.

सॅग, म्हणजे बसल्यावर फोर्क किती दबतो ते मोजलं. पाइपवर केबल टाय आवळला, मी बसलो, धाकट्यानं गाडी धरली, हळूच उतरलो. टाय किती सरकला ते मोजलं. १३० मि.मी.च्या प्रवासात माझ्या वजनानं ३५-४० खाली जायला हवं. गेलं ५२. स्प्रिंग थकलीय. वर १० मि.मी.चे नळीचे तुकडे कापून स्पेसर घातले, ४१ वर आली. चालेल.

३० नोव्हेंबर, रविवार

२८ चा कार्बोरेटर लावला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा, नाव नामांकित जपानी, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त.

सुरू झाली. जागेवर आवाज इतका छान की शेजारचे दोघं बघायला आले. मग समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट. पहिल्या वळणावर अ‍ॅक्सिलेटर पिळला आणि गाडी चक्क गुदमरली. जणू कुणी तोंडावर उशी धरली. एक क्षण काहीच नाही, मग एकदम भडका. मागून येणाऱ्या कासच्या गाड्यांनी हॉर्नची आतषबाजी केली.

कारण नंतर बसून लिहितो, तेव्हा रस्त्यात फक्त शिव्या सुचल्या होत्या. मूळचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालतो. केबल फक्त झडप उघडते. स्लाइड किती उचलायची ते इंजिन स्वतः ठरवतं, जेवढी हवा ओढेल तेवढी. माणूस घाईत असला तरी स्लाइड घाई करत नाही. या नव्याची केबल थेट स्लाइडला. मी पिळला की भोक एकदम मोठं, हवेचा वेग पडतो, आणि पेट्रोल वर ओढलंच जात नाही. अशा कार्बोरेटरला पिचकारी मारणारा पंप लागतो, याला तो नाही.

सांबरवाडीच्या पुढे कडेला लावून चार जेट (पेट्रोल येतं ती बारीक भोकाची तोंडं) बदलले. एकात मिसिंग, दुसऱ्यात काळा धूर, तिसऱ्यात दोन्ही. प्लग काजळीनं माखलेला. चौथा जेट हातातून निसटून गवतात गेला. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम संपला की माणसं काय शोधतात असं एका काकांनी विचारलं.

७ डिसेंबर, रविवार

आज मूळचा कार्बोरेटर उघडला. हे काम २ ऑक्टोबरला करायचं होतं.

वरचं झाकण काढलं, स्लाइड बाहेर घेतली, डायफ्राम (स्लाइड उचलणारा रबरी पडदा) खिडकीच्या उजेडात ताणून धरला. सुईच्या टोकाएवढं भोक. जवळच घडीवर दुसरं, ताणल्याशिवाय न दिसणारं. बस्स, एवढंच. सहा हजारांच्या वर गाडी का पळत नव्हती त्याचं उत्तर. व्हॅक्यूम भोकातून गळतो, स्लाइड अर्ध्यावर लटकते, आणि इंजिन अर्ध्या नळीतून श्वास घेत राहतं. अठरा वर्षांचं रबर आहे, त्याला बोल नाही. मी मात्र हे न बघताच नवीन कार्बोरेटर घेतला.

नवीन डायफ्राम घातल्यावर चाचणी: स्लाइड बोटानं वर उचलायची, व्हॅक्यूमचं भोक अंगठ्यानं बंद करायचं, सोडायची. ती जागीच थांबली पाहिजे. थांबली. जुन्या डायफ्रामनं करून बघितली तर सावकाश खाली येते, दार बंद करणाऱ्या त्या स्प्रिंगसारखी.

फ्लोटच्या वाटीचा ओ-रिंग फुगून खाचेतून बाहेर आला होता, परत बसतच नव्हता. इंजिनाकडच्या रबरी मॅनिफोल्डला आतून चिरा. गाडी सुरू ठेवून त्यावर क्लीनरचा बारीक फवारा मारला (काडीपेटी आणि धाकट्याची सिगारेट दोन्ही लांब), तर आरपीएम लगेच हलले. म्हणजे तिथूनही हवा खात होती. दोन्ही बदलले.

जेटचा हिशोब. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रणाला साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठएक टक्के 'सुकी' (पेट्रोल कमी पडून) चालतेय. जेटचा व्यास चार टक्क्यांनी वाढवला की क्षेत्रफळ आठनं वाढतं. मेन जेट एक नंबर मोठा, स्लो जेट तोच, जागेवरच्या मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा जास्त पेट्रोलच्या बाजूला. फ्लोटची पातळी खाली पारदर्शक नळी लावून बघितली, पुस्तकातल्या मापावर आणली.

खर्च ६९० रुपये. २८ च्या कार्बोरेटरला तीन हजार दोनशे गेले होते.

१४ डिसेंबर, रविवार

सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पसरणी, वाई, पाचवड, सातारा.

मेढ्यापर्यंत हळू, टायर नवं. केळघरच्या चढात तिसऱ्या गिअरवर पूर्ण पिळला आणि साडेसहा, सात, साडेसात. सुई थांबली नाही. मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडलो.

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, साताऱ्याहून सहाशे मीटर वर. हवा तिथं सहाएक टक्के विरळ, आणि मिश्रण त्याच्या निम्म्यानं, म्हणजे तीन टक्के गडद (पेट्रोल जास्त) होतं. जेट मोठा केलाय, वर जाऊन काळं होईल ही भीती होती. वेण्णा लेकजवळ प्लग काढून बघितला: फिकट बिस्किटाचा रंग. कणीसवाल्या मावशींनी रुमालात धरलेला प्लग बघून विचारलं, "खराब झालं का?" चांगलंय मावशी, म्हणालो, एक कणीस द्या.

पसरणी उतरताना वळणाआधी मुद्दाम जोरात ब्रेक. तोंड खाली गेलं, पण मापात गेलं आणि तिथं थांबलं. परत वर येताना झोका नाही. एका हेअरपिनवर खडी होती, चाक घसरून परत धरलं, हँडलनं हातात सगळं सांगितलं. जुन्या फोर्कवर हे कळायच्या आत मी पुढच्या वळणावर असायचो.

एकच तक्रार: हँडल सोडलं की ताशी चाळीसच्या आसपास हलकी थरथर. कोनसेट.

२१ डिसेंबर, रविवार

कोनसेट उघडला. नवीन गोळ्या पाचशे कि.मी.त बसल्या होत्या, नट ढिला. चाक अधांतरी ठेवून नट अर्ध्याला थोडा कमी पीळ आवळला. हँडल मधोमध ठेवून बोटानं ढकललं की स्वतःच्या वजनानं टोकाला जायला हवं, आणि फोर्क पुढे-मागे ओढला तर खडखड नको. दोन्ही जमलं. थरथर गेली.

२८ डिसेंबर, रविवार

मामांना चावी दिली. कऱ्हाडला जाऊन आले. मी गेटवर उभा.

"कशी वाटली?"

"चांगली हाय की." हेल्मेट काढलं, केस नीट केले. "ब्रेक बरा लागतोय आता. फक्त डावीकडं वळताना हॉर्न का वाजत न्हाई?"

टाकी उचलून बघितलं. हॉर्नची वायर नव्या टीच्या कानामागे अडकली होती, हँडल डावीकडे गेलं की चिमटत होती. वरचं प्लास्टिक सोललं होतं, आतली तांब्याची तार अजून शाबूत. टेप मारला, वायर फ्रेमच्या आतल्या बाजूनं फिरवली, दोन टाय लावले.